नकाशात न दिसणारा डबा

अण्णा, आज मी तुमच्या खोलीत जाऊन आले. घरातल्या नव्हे. बनशंकरीच्या त्या हॉस्पिटलातल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या, जिथे तुम्ही गेलात. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये. लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये बसले, उठले, स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला, तिथे कुकरची शिट्टी सहन होईना, आता बाल्कनीत आलेय तर खाली एका माणसाची ऑटो सुरू होत नाहीये आणि तो तिला शिव्या घालतोय. तुम्ही असता तर वरूनच त्याला चार सल्ले दिले असते. अक्काशी माझं बोलणं झालंय. काय बोलले ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तुम्ही मधेच ओरडाल आणि माझं सांगायचं राहील बाजूला. गेलेला माणूस मधे ओरडेल कसा म्हणा, पण तुमचा काही भरवसा नाही.

तुम्ही हाका मारणारे. शिवाजीनगरच्या दुकानात शाळांचे युनिफॉर्म शिवायला बसलात की मशीनवरून उठायचं नाही, आणि सगळं मात्र हाताशी यायला हवं. खडू कुठाय, पाणी आण, पंखा कमी कर, समोरच्या हॉटेलात सांग, कॉफी स्वल्प स्ट्राँग. घरी आलात की पुन्हा तेच. आम्हा बहिणींत मोठी म्हणून घरात सगळेच तिला अक्का म्हणायचे, तुम्हीसुद्धा, आणि तुमच्या तोंडी तो शब्द गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. चष्मा तुमच्या कपाळावर असायचा आणि अक्का बिचारी कपाटाखाली वाकून शोधत असायची. सापडला की अर्ध्या कन्नडात म्हणायचात, "सरी सरी, बरं, जा आता." मला कमी हाका यायच्या, कारण मी लवकर यायची नाही. अक्का धावायची, म्हणून तिलाच जास्त.

असा माणूस हॉस्पिटलात गेला आणि पलंगाशेजारी भिंतीवर त्याला एक बटण सापडलं. काय खूश झालात तुम्ही! दाबलं की सिस्टर हजर. पडदा सरकवा, उशी वर करा, आज शनिवार की रविवार, बाहेर पाऊस आहे का. भेटायला आले तर मला पहिलं काय दाखवलंत, तर ते बटण. "बघ, अक्कापेक्षा फास्ट आहे," म्हणालात आणि मला दाखवायला म्हणून परत दाबलंत. ती केरळची सिस्टर आली, तुम्ही तिला म्हणालात, काही नाही, मुलीला दाखवत होतो. ती हसली. अक्का नाही हसली. कफाने भरलेली तुमची छाती आता मोकळी झाली होती, दोन-तीन दिवसांत घरी सोडणार होते, आणि अक्का तिथे दिवसरात्र राहून वैतागली होती. त्या शेवटच्या दिवशी सकाळी ती तुमच्यावर तडकली. "अण्णा, पुरे आता! सारखी बेल दाबू नका. त्यांना दुसरे पेशंट नाहीत का? हसतात सगळे आपल्याला." तुम्ही तोंड फिरवून झोपलात, असं ती सांगते. दुपारी कॉफीच्या सुमारास ती खाली औषधं आणायला गेली. काउंटरवर गर्दी होती. वर आली तर तुम्ही गेला होतात.

डॉक्टर म्हणाले हार्ट. लगेच कळलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं, असंही म्हणाले. काय गरज होती हो ते बोलायची! आणि सिस्टरच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये बघून कुणीतरी सांगितलं की या खोलीतून दुपारी बेल आलेलीच नाही. पेशंटने दाबलीच नाही. मी तेव्हा महादेवपुऱ्याच्या ऑफिसातून निघून ट्रॅफिकमध्ये अडकले होते. पोचले तेव्हा अक्का कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी होती, आणि मला बघून ती रडली नाही. म्हणाली, "मी सांगितलं म्हणून त्यांनी दाबली नाही."

ते वाक्य ती अजून सोडत नाही, अण्णा. वर्षं झाली. तिच्या सासूबाई आतून नुसत्या खाकरल्या तरी ही हातातलं टाकून पळते. दूध उतू जातं, पोळी करपते. घरात कुणी कुणाला गप्प बस म्हटलं की तिचा चेहरा उतरतो. तुमच्या श्राद्धाला गच्चीवर पान ठेवलं आणि कावळा शिवला नाही की बाकीचे काहीबाही कबूल करतात, लाडू करू, नातवाला सांभाळू, ही हात जोडून एकच म्हणते, "अण्णा, परत कधी गप्प करणार नाही हो." कावळा येतो. तो काय, भातासाठी येतो. पण तिला बघून मला तुमचाच राग येतो. जन्मभर कुणाचं ऐकलं नाहीत, शेजारीपाजारी, डॉक्टर, आई, कुणाचं म्हणजे कुणाचं नाही, आणि नेमकं त्या दिवशी, नेमकं तिचं ऐकायचं सुचलं तुम्हाला?

आता मी तिथे गेले कशी ते सांगते. आमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, बनशंकरीचं एक हॉस्पिटल आहे, नेटवर्क जुनं आहे, सगळं बदलायचंय, पण काय कशाला जोडलंय हे तिथे कुणालाच धड माहीत नाही, आधी नकाशा काढून कोण देईल? त्यांनी हॉस्पिटलचं नाव घेतलं आणि मी "मी" म्हणून मोकळी झाले. बाजूची मुलगी बघतच राहिली, कारण असलं धुळीचं काम कुणी मागून घेत नाही. तुम्हाला माझं काम कधी कळलं नाही. एकदा समजावून सांगितलं होतं, की हॉस्पिटलात शेकडो यंत्रं असतात, कॉम्प्युटर, फोन, कॅमेरे, ती एकमेकांना जोडणारे डबे असतात, आणि कुठलं यंत्र कुठल्या डब्याच्या कुठल्या भोकात जोडलंय हे मी शोधून काढते. तुम्ही म्हणालात, "म्हणजे जोडून गेला तो दुसराच, आणि तू नुसती बघत बसतेस? आणि त्याचा पगार देतात?" आणि पुढे महिनाभर दुकानात येईल त्याला तेच सांगत होतात.

बघायचं कसं, तर सॉफ्टवेअर असतं. ते एका डब्याला विचारतं, तुझ्या शेजारी कोण? तो सांगतो. मग त्या शेजाऱ्याला विचारतं, तुझ्या शेजारी कोण? आपल्या लग्नांत ती एखादी म्हातारी आत्या नाही का, "तू कुणाची गं?" पासून सुरू करते आणि जेवणाची पंगत उठेपर्यंत सगळ्या मांडवाची नाती लावून मोकळी होते? तसंच. तासाभरात पडद्यावर सगळं हॉस्पिटल पसरतं, डब्यांना रेघा, रेघांना यंत्रं. फक्त एक आहे. काही स्वस्तातले डबे मुके असतात. नावगाव सांगत नाहीत, नुसतं इकडचं तिकडे करतात. ते नकाशात येतच नाहीत. मधे असा डबा असला तर तो जणू नाहीच, अशी सरळ रेघ काढून सॉफ्टवेअर पुढे जातं.

नकाशा आला. तुमच्या मजल्यावर मी मुद्दाम शेवटी गेले. प्रत्येक पलंगाजवळची बेल नकाशात एक बारीक ठिपका म्हणून दिसते, हिरवा असला की चालू. कोपऱ्यातल्या खोल्यांचे ठिपके बघता बघता लाल झाले. सगळे एकदम. थोड्या वेळाने सगळे एकदम हिरवे. मी काय केलं असेल? आमच्या धंद्यातला कुणीही जे करतो तेच. सॉफ्टवेअर जुनं आहे म्हणून शिव्या घातल्या, परत चालवलं, परत तेच, मग त्या ठिपक्यांसाठी सूचनाच बंद करून टाकली. कटकट नको म्हणून. महादेवपुऱ्यात एसीत बसून सगळं मला फार सोपं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घ्यायला उठले, आल्यावर सहज बघितलं, पुन्हा लाल. दुपारी आमच्याकडे कॉफी आली, पुन्हा लाल. कप हातात तसाच राहिला. ठिपके चहा-कॉफीच्या वेळेला विझत होते, अण्णा. आणि विझत होते ते एकत्र. म्हणजे त्यांच्या आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या मधे काहीतरी होतं, जे माझ्या नकाशात नव्हतं.

आज सकाळी गेले. शिडी मागवली, कोपऱ्यातल्या खोल्यांबाहेरची छताची फळी उचलली, अंगावर धूळ, पालीचं शेपूट, काय काय पडलं. केबलीवर हात ठेवून ठेवून पुढे सरकले. त्या सगळ्या केबली एकत्र होऊन भिंतीतून पॅन्ट्रीत उतरत होत्या. पॅन्ट्री म्हणजे पेशंटची कॉफी, गंजी म्हणजे तांदळाची पेज, गरम पाणी होतं ती खोली. तिथे फ्रिजच्या वर, बिस्किटांच्या पुड्यांमागे, तो बसला होता. काळा, चिकट, तेलकट मुका डबा. त्याची वायर खाली प्लगात. आणि फ्रिजचा सोडला तर त्या भिंतीवर प्लग एकच.

पॅन्ट्रीतल्या बाई आत आल्या, मला नमस्कार केला, सवयीने त्या डब्याचा प्लग काढला आणि दुधाची किटली लावली.

मी ओरडलेच. "अय्यो, काय करताय!" त्या बिचाऱ्या घाबरून मागे सरकल्या. कन्नडमध्ये म्हणाल्या, दूध तापवायचंय मॅडम, स्वल्प वेळ, लगेच परत लावते की. रोज लावते, कधी विसरत नाही. मी विचारलं, हे कशाचं आहे माहीत आहे का? त्या म्हणाल्या, फ्रिजचं काहीतरी असेल. त्यांच्या आधीच्या बाईने त्यांना असंच शिकवलं होतं, हे काढ, ते लाव, झालं की परत हे लाव. त्यांना तरी काय बोलू! माझं ओरडणं ऐकून मोठ्या सिस्टर धावत आल्या. त्यांना विचारलं, हा डबा कधीपासून आहे? त्या म्हणाल्या, मी इथे लागले तेव्हापासून आहे मॅडम. आणि त्या तुमच्याही आधीपासून आहेत तिथे, मी त्यांचा चेहरा ओळखला, त्यांनी माझा नाही. मी विचारलं, तेव्हाही दूध इथेच तापवायचे? त्यांना वाटलं माझं डोकं फिरलंय. म्हणाल्या, "पॅन्ट्री इथेच होती, अल्वा, हो ना? दुसरं कुठे तापवणार?"

मी तुमच्या खोलीत गेले. सकाळीच पेशंट घरी गेला होता, गादी उघडी होती. प्लग अजून काढलेलाच होता, दूध तापत होतं. मी बटण दाबलं. भिंतीवरचा लाल दिवा लागला. अण्णा, तो लागतो. ते मला माहीत नव्हतं. दिव्याची वीज वेगळी आहे, तो लागतोच. पलंगावरच्या माणसाला वाटतं, हाक गेली, आता येतील. आणि बाहेर टेबलावर काही नाही, कुणी मान वर करत नाही. मी दारातून बघत होते, दोन सिस्टर समोरासमोर बसून काहीतरी लिहीत होत्या. मी त्या उघड्या गादीवर बसले. 

मग उठले. रडायला वेळ नव्हता. इलेक्ट्रिशियनला बोलावून डब्याला दुसरीकडून वीज द्यायला लावली, त्याच्यावर हात लावू नका असं कन्नडमध्ये लिहून चिकटवलं, मोठ्या डॉक्टरांना समोर उभं करून सगळं दाखवलं. त्यांचा चेहरा पडला. उद्या तो डबाच निघेल, चांगला येईल. पुन्हा खोलीत गेले आणि बटण दाबलं. पावलं वाजली, एक नवीन पोरगी, सिस्टरच, धापा टाकत दारात आली. "काय हवंय मॅडम?" मी म्हटलं, काही नाही, टेस्टिंग. ती गेली. मी परत दाबलं. ती परत आली. तिसऱ्यांदा मात्र तिच्या तोंडाकडे बघून मलाच लाज वाटली.

तिथून अक्काकडे जाईपर्यंत ऑटोत माझं डोकं फुटायची वेळ आली होती. तिला सांगू काय? एक म्हणजे तुम्ही तिचं ऐकलंत, दाबली नाही. ते ती इतकी वर्षं वागवतेच आहे. दुसरं म्हणजे तुम्ही दाबलीत आणि पॅन्ट्रीत दूध तापत होतं. यातलं खरं कुठलं ते मला कळणार नाही, कुणालाच कळणार नाही. कॉम्प्युटरवर दोन्ही सारखंच दिसतं, काही आलेलं नाही. माझा नकाशा सांगतो तो आज काय कशाला जोडलंय एवढंच. त्या दुपारी कुणी बटणावर बोट ठेवलं का, हे कुठल्याही नकाशात नसतं. दुकानात मी अंदाजाने माप सांगितलं की तुम्ही टेपच अंगावर फेकायचात, "असेल म्हणजे काय? धरून बघ!" आता कशावर धरू टेप? मधेच ऑटोवाल्याला म्हटलं परत फिरव, मग म्हटलं नको, सरळ जा. तो म्हणाला, मॅडम, एक काहीतरी सांगा.

अक्का स्वयंपाकघरात होती, सासूबाईंसाठी मऊ भात चेचत होती. मी चपला काढल्या न काढल्या आणि बोलायला लागले. डबा, प्लग, दूध, सगळं. ती ऐकत होती, हात चालूच. कळलं किती देव जाणे. शेवटी तिने वाटी खाली ठेवली आणि एकच विचारलं.

"म्हणजे त्यांनी दाबली होती?"

"हो," मी म्हटलं.

"तुला कसं कळलं?"

"नकाशात दिसतं अक्का. दाबली होती. आली नाही बाहेर, पण दाबली होती."

 मला वाटलं, झालं, आता विचारेल कुठे दिसतं, दाखव. नाहीतर म्हणेल, मग हाक मारूनही कुणी आलं नाही का गं? त्याचं उत्तर मी ऑटोत खूप शोधलं होतं आणि मला सापडलं नव्हतं. पण ती काय म्हणाली माहीत आहे? कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "बघ! नाही ऐकलं माझं! त्या माणसाने जन्मात कधी माझं ऐकलंय का!" आणि हसायला लागली. हसता हसता रडली, पदर तोंडात कोंबून, आतून सासूबाई विचारतात काय झालं, आणि ही जागची हलली नाही. पहिल्यांदाच हलली नाही. तिथूनच ओरडली, "आले हो, थांबा जरा!" मग डोळे पुसून मला म्हणाली, "सकाळी एवढी बोलले, तरी दाबली. हट्टी मेले." तिच्या तोंडी तुमच्यासाठी असा शब्द मी कधी ऐकला नव्हता. इतक्या वर्षांत ती तुमच्यावर रागावलीच नव्हती हो. मला जेवूनच जा म्हणाली, स्वतःही बसली माझ्याबरोबर, दुसऱ्यांदा भात घेतला. तुमच्या हाकांच्या नकला करत होती.

तर हे असं आहे. ओरडायचं असेल तर आता ओरडा. ती खालची ऑटो सुरू झाली एकदाची, गेला तो. हे मी तुम्हाला कुठे पाठवणार, आणि इथे ठेवलं तर उद्या अक्काच्या हाती लागायचं, म्हणून लिहून झालं की पुसून टाकणार आहे. पण एक तुम्हाला सांगायलाच हवं, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. तुम्ही दाबलीत असं मी तिला सांगितलं आणि ते मी कधी मागे घेणार नाही. मनातून मात्र मी देवाला हात जोडतेय की तुम्ही दाबली नसावीत. तिचं ऐकून, रुसून, भिंतीकडे तोंड करून पडला असाल आणि झोपेतच गेला असाल. कारण दाबली असलीत तर तो लाल दिवा लागला असणार, अण्णा, आणि तुम्ही दाराकडे बघत राहिला असाल.